साम्रदच्या पठाराला पडलेली भेग

मोसम खोऱ्यात वाढलेल्या माणसाला डोंगरांचं अप्रूप नसतं. साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी, सगळं नामपूरच्या हाकेच्या अंतरावर. पण हे सगळे डोंगर मान वर करून बघायचे. मान खाली घालून बघायचा डोंगर हवा असेल तर ग्रुप जमवून शनिवारी रात्री गाडी काढावी. सटाणा, नाशिक, घोटी, भंडारदरा करत उजाडता साम्रदला पोचावं.

अकोले तालुक्यातलं हे गाव रतनगडाच्या शेजारी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे. गावातून निघालं की थोडं पठार, करवंदीच्या जाळ्या, हिरड्या-जांभळीची सावली. शेकरूही याच जंगलातलं. मग वाट एकदम दगडांवरून खाली उतरते आणि दोन्ही बाजूंना काळा कातळ उभा राहतो. ही सांदण दरी. काही ठिकाणी भिंती दोनशे फुटांच्या वर जातात, आणि रुंदी अशी की कुठे कुठे हात पसरले तर दोन्ही बोटांना दगड लागतो. तळाशी ऊन पोचतं ते डोक्यावर सूर्य असताना थोडा वेळ, तेही सगळीकडे नाही.

जमिनीला अशी चीर पडते कशी? त्यासाठी सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा इथे लाव्हा वाहत होता. एक थर पसरायचा, निवायचा, त्यावर पुढचा. नामपूरच्या कांद्याच्या रानातली काळी माती याच दगडाची, झिजून झालेली. लाव्हा निवताना आक्रसतो आणि आक्रसला की तडकतो, शेततळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तसा. फरक इतकाच की या भेगा दगडात खोल उभ्या जातात. पुढे जमिनीच्या हालचालींनी त्यात भर घातली. पाण्याला एवढी फट पुरते. ते आत शिरतं, दगड कुजवतं, सुटलेले तुकडे वाहून नेतं आणि त्याच तुकड्यांनी तळ घासत जातं. कडेचे मोठे दगड पायथा पोखरला की कोसळतात. दरीत आपण ज्या घराएवढ्या धोंड्यांवरून चढत-उतरत जातो, ते असेच वरून आलेले.

भिंतीजवळ जाऊन नीट पाहा. दगडात बदामाएवढी भोकं दिसतात. लाव्ह्यातला वायू निघून जाताना राहिलेले ते बुडबुडे. काहींमध्ये पांढरे खडे भरलेले असतात. दगडातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळवून आणलेली खनिजं त्या पोकळीत साठत गेली. यांच्या थोराड, चमकदार भावंडांसाठी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे, पण इथे ते जागच्या जागी भेटतात.

एवढं पाणी येतं कुठून? शेजारच्या घाटघरला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, त्यात सगळं आलं. पावसाचे ढग कोकणातून येऊन याच कड्यावर आपटतात. आपल्या बागलाणापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात फारसं काही उरत नाही. आणि इथेच पाण्याची फाळणी होते. रतनगडाच्या पूर्वेच्या उतारावरचा थेंब प्रवरेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातो. सांदणमध्ये पडलेला थेंब कड्यावरून कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. आपली मोसमही शेवटी अरबी समुद्रालाच मिळते, पण गिरणा, तापी असा केवढा वळसा घालून! माणसानेही या कड्याचा फायदा उचलला आहे. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

दरीत वाटेत पाण्याची डबकी लागतात. हिवाळ्यात कमरेएवढ्या गार पाण्यातून जावं लागतं. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे येतात, तिथून खाली डेहणे गावाकडे उतरता येतं. एका दिवसाच्या मंडळींनी पहिल्या दोराच्या टप्प्यापाशी बसून डबे सोडावेत आणि आल्या वाटेने परतावं. कमीपणा नाही; पाहण्यासारखं बरंचसं तोवर पाहून झालेलं असतं.

जायचं ते दिवाळीनंतर, आणि पावसाची चाहूल लागली की नाही म्हणजे नाही. वर पठारावर सर आली तर सगळं पाणी याच चिरेत धावतं आणि बाजूला चढायला जागा नसते. साम्रदचा वाटाड्या बरोबर घ्या आणि दुपारची भाकरीही त्याच्याच घरी सांगून ठेवा.