वर्षभराच्या वाचनाचा जमाखर्च

दिवाळीत वहीपूजन करून नवे खाते उघडण्याची व्यापाऱ्यांची रीत आहे. श्रोतेहो, वाचकानेही वर्षाकाठी अशी एक वही मांडावी. मात्र तिच्यात आवडलेल्या ग्रंथांची नावे असून भागत नाही. कोणत्या पुस्तकाने निराशा केली आणि ती का केली, हेही नोंदले पाहिजे. ‘आवडले नाही’ हा केवळ निकाल होय. त्याचे कारण शोधू लागलो की आपली अभिरुची आपल्यालाच कळू लागते.

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये वसलेल्या रायापुरातील मराठी वाचकाला या कामी एक सोय आहे. घरात मराठी व बाहेर कन्नड असल्यामुळे एकाच विषयावरील दोन भाषांतले ग्रंथ तो शेजारीशेजारी ठेवू शकतो. यंदा ययातीची कथा मी अशीच दोन्ही भाषांत वाचली.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि तिला साहित्य अकादमीचा व पुढे ज्ञानपीठाचा मान मिळाला. तिने माझी निराशा केली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वमुखाने सांगतात. पण तिघांची वाणी एकच भासते. उपमा-सुभाषितांची गर्दी एवढी की संतापलेली देवयानीही व्याख्यान देत आहे असे वाटावे. भोगाला अंत नाही, हा विचार मनावर ठसविण्यात कादंबरी यशस्वी होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण विचार पटला तरी माणसे भेटली नाहीत.

गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यात पुरूची पत्नी चित्रलेखा ही नाटककाराची स्वतःची निर्मिती आहे. पित्याचे वार्धक्य पुत्राने घेतले, तर त्याच्या तरुण पत्नीने काय करावे? हा प्रश्न ती राजालाच विचारते आणि अखेर प्राण देते. पुत्राच्या त्यागाचे कौतुक करणाऱ्या आपल्या घरांतून सुनेला कोण विचारतो? हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मिटत नाही.

तरी वर्षातील सर्वांत प्रिय वाचन वेगळेच ठरले. धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या तीन कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. घनदाट अरण्यात वस्तीला आलेल्या कुटुंबाची थोरली मुलगी झाडांना वैरी मानून वाढते. तिच्या डोळ्यांदेखत रानाचे शिवार होते, शिवाराचे गाव होते, आणि म्हातारपणी तिला त्याच झाडांची ओढ लागते. इथे लेखक उपदेश करीत नाही. तो फक्त काळ जाऊ देतो. १९६२ साली एका महानगरपालिकेत जोडल्या गेलेल्या दोन शहरांच्या मधल्या वस्तीत राहणाऱ्याला ही कथा परकी वाटत नाही.

वहीतील तिन्ही नोंदी एकत्र वाचल्या की एक गोष्ट ध्यानी येते. ज्या पुस्तकाने उत्तर आधीच ठरविले होते ते मला दूरचे वाटले. ज्याने प्रश्न माझ्या हाती दिला ते जवळचे झाले. प्रत्येकाचा निष्कर्ष निराळा निघेल. आयुष्य थोडे आणि ग्रंथ अपार. तेव्हा पुढले पुस्तक निवडताना दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा आपलीच वही अधिक उपयोगी पडेल.