बाप्तिस्मा : कोणाच्या नावाने, कोणत्या कुटुंबात

पाणी आणि शब्द

बाप्तिस्म्याला लागते पाणी आणि उच्चारायचे एक नाव. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना आज्ञा देतो, की सर्व राष्ट्रांतल्या लोकांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या. पाणी किती, याची मोकळीक फार जुनी आहे. ‘डिडाखे’ या आरंभकाळातल्या ख्रिस्ती पुस्तिकेत वाहते पाणी उत्तम मानले आहे. पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलेलेही चालते. कॅथलिक या विधीला स्नानसंस्कार म्हणतात. त्यांच्याकडे आणि अँग्लिकनांकडे तो तान्ह्या बाळालाही मिळतो. बॅप्टिस्ट मात्र स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवतात. या सर्वांकडे घेतले जाणारे नाव तेच.

त्रैक्य

देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. हे तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाने वेळोवेळी घेतलेली तीन रूपेही नव्हेत. अलेक्झांड्रियाचा एरियस पुत्राला निर्माण केलेला मानत असे. ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेने ते नाकारून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे जाहीर केले. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने पवित्र आत्म्याविषयीची श्रद्धा अधिक स्पष्ट केली. मला यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. ही व्याख्या होण्याच्या कितीतरी आधीपासून लोक या नावाने बाप्तिस्मा घेत होते.

रमाबाईंचा प्रश्न

समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना लगेच पटला नाही. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी यावर पत्रांतून कसून वाद घातला. सिद्धांत न मानणाऱ्याला नाशाचा इशारा देणारा अथानासियसचा मतांगीकार स्वीकारायला त्यांचे मन तयार होईना. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी ठणकावले. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आहोत, पण म्हणून बिशपांचा प्रत्येक शब्द शिरोधार्य नाही, ही त्यांची भूमिका. जेवणही त्यांनी शाकाहारीच ठेवले. जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान दिसे.

मला रमाबाईंचे म्हणणे पटते. त्या नावाने बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती ख्रिस्ताची होते. तिने इंग्रज व्हावे, अशी अट त्यात कुठेच नाही. पुढे ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास गहिरा झाला, तरी केडगावला स्वतः उभारलेल्या मुक्ती मिशनला त्यांनी कोणा एका पंथात बांधून टाकले नाही.

पुन्हा नाही

यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असे पौल गलतीकरांना लिहितो, तेही बाप्तिस्म्याचा उल्लेख करूनच. बाप्तिस्मा असा सर्वांना एक करत असेल, तर मग चुकीच्या मताच्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा? तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन तो पुन्हा द्यावा म्हणत होता. रोमचा बिशप स्टीफन नको म्हणत होता. पुढे ऑगस्टीनने बाजू मांडली, की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. म्हणूनच आज अँग्लिकन माणूस कॅथलिक झाला, तरी सहसा त्याचा बाप्तिस्मा नव्याने होत नाही.

नागपूर, १९७०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि तो न मानणारे बॅप्टिस्टही. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा मागितला तर काय करायचे, यावर वाटाघाटींत बराच खल झाला. अखेर दोन्ही पद्धतींना एकाच चर्चमध्ये मान्यता मिळाली.