ताप कुठचा?

कोकणात नवख्या माणसाला पहिला प्रश्न असतो, 'तुम्ही कुठचे?' साथरोगाचा माग काढणाऱ्याला तापाबद्दलही तेच विचारावं लागतं. पंचाईत अशी की ताप भरतो एका गावात आणि लागलेला असतो बऱ्याचदा दुसऱ्यातच.

रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लावणीही तेव्हाच आणि मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानीही तेव्हाच. म्हणजे चिखल, उंदीर, डास आणि प्रवास, सगळ्यांची एकच गर्दी. या गुंत्यातून वाट काढायला अधिशयन काळ कामी येतो. जंतू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत जाणारे दिवस ते हे. डेंग्यूला साधारण 4 ते 10 दिवस, लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला, बहुधा 5 ते 14. फॅल्सिपेरम मलेरियाला दीडेक आठवडा लागतो. व्हायवॅक्स मात्र यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा डोकं काढतो, तेव्हा त्याच्यापुढे हा हिशेब चालत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या तारखेत लेप्टोचे 5 ते 14 दिवस मिळवा: 27 जुलै ते 5 ऑगस्ट. तापाच्या रुग्णांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे दिवस हेच. घराघरांतला गाळ उपसणं त्या एका दिवसात संपलं नव्हतं, त्यामुळे ही खिडकी आणखी लांबते. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोचे रुग्ण वाढले तेही असेच, पाणी ओसरून गेल्यावर, ऑगस्टात.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात बिनबोभाट राहतो आणि मूत्रावाटे पाण्यात उतरतो. गुरंही त्याचे वाहक असतात. जपानमध्ये 1915 च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला, क्यूशू बेटावरच्या खाणकामगारांच्या आजारात. आपल्याकडे खाणीची जागा भातखाचराने घेतली. चिखलणीत अनवाणी उभ्या बाईच्या टाचेची भेग त्याला पुरते. गमबूट घाला म्हणणं सोपं, पण लावणीच्या चिखलात बूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो! म्हणून जखमेवर पट्टी, कामानंतर साबणाने पाय धुणं आणि जोखीम मोठी असेल तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिनची आठवड्याची गोळी, हाच व्यवहार्य मार्ग मला दिसतो.

डेंग्यूचा डास घराजवळचाच. पिंप, विहिरीकडची डोण, पोफळीखाली पडलेली विरी, कुठेही वाटीभर पाणी त्याला चालतं. आठवड्याचा कोरडा दिवस पाळणारेही एक गोष्ट विसरतात. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. पाण्याच्या रेषेलगत आतून चिकटलेली काळी, बारीक अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्याने खसाखसा घासली तरच ती सुटतात.

नोंदीची यंत्रणा आपल्याकडे आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प 2004 मध्ये सुरू झाला, तेव्हा आकडे आठवड्याला जायचे. 2021 पासून नव्या पोर्टलवर रोजची नोंद करता येते. पण संगणकाला तारीख आणि पत्ता कळतो, माणूस दहा दिवसांपूर्वी कुठे होता ते कळत नाही. ते विचारते दारात आलेली आशाताई. 'मुंबईस्न कधी आलात? शेतात उतरला होतात?' या दोन प्रश्नांची किंमत महागड्या यंत्राहून कमी नाही.

चाकरमानी मुंबईचा मलेरिया गावी आणतो, ही ओरड दर गणपतीला ऐकू येते. उलटा प्रवास कोणी मोजत नाही. सुट्टीत हौसेने भावाच्या शेतात उतरलेला माणूस परळ-डोंबिवलीला परततो आणि आठवड्याने तापाने फणफणतो. अंगदुखी, डोकेदुखी, घसरलेल्या प्लेटलेट्स, सगळं डेंग्यूसारखं. पोटऱ्या ठणकत असतील आणि डोळे लाल असतील तर संशय लेप्टोचा. त्यावर प्रतिजैविक जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, आणि डेंग्यूवर तर प्रतिजैविकाचा उपयोगच नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत लेप्टोची अँटिबॉडी चाचणी निगेटिव्हही येऊ शकते. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं, 'गावाला जाऊन आलोय, चिखलात उतरलो होतो.'