बाबूराव पेंटर यांची दृष्टि

चित्रपट मुका होता तेव्हां दिग्दर्शकानें मनांतलें सांगावें कसें? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तें उजेडानें आणि काळोखानें सांगत. हे मूळचे नाटकाचे पडदे रंगविणारे. परंतु १९२० च्या ‘सैरंध्री’पासून स्वतःच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनीं रंगविलेले पडदे दूर सारून खरी खोली असलेले देखावे उभारले. चित्रीकरणापूर्वीं वेषांचीं व प्रसंगांचीं रेखाटनें ते स्वतः काढीत.

१९२५ च्या ‘सावकारी पाशां’त (कथा हरि नारायण आपट्यांची) जमीन गमावलेला शेतकरी गिरणीच्या शहराकडे ढकलला जातो. अंधुक उजेडांतली झोंपडी आणि रडणारें कुत्रें! ऐकूं कांहींच येत नाहीं, तरी घराची दैना कळते. त्यांत शेतकरी झालेल्या शांतारामांनीं तें दृश्य पुढें आवर्जून आठवलें.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहींत. ते शिष्यांत शोधावे लागतात. १९२९ मध्यें शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर त्यांना सोडून गेले आणि त्यांनीं ‘प्रभात’ काढली. पण सोडून गेलेल्यांनींच गुरूची पाटी गिरविली. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या ‘संत तुकारामां’तलें तुकोबांचें घर पाहा: तें देखाव्याचें वाटत नाहीं, त्यांत माणसें राहतात.