वलनीचा उमेश, आमच्या बांधीतला चेंडू

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला आयपीएलचा लिलाव झाला, तेव्हा इकडे गोंदियात धानाचा चुरणा चालू होता. दोन दिवस नावं पुकारली गेली, कोट्यवधींचे आकडे आले. वेगवान गोलंदाज उमेश यादवला मात्र कुणीही घेतलं नाही. 148 सामने, 144 बळी, आणि एकाही संघाला तो नको होता. तीनच आठवड्यांनी अश्विननं ब्रिस्बेनमध्ये निवृत्ती जाहीर केली. देशानं त्याचे 537 बळी मोजले, ते योग्यच झालं. पण अश्विन ज्या कसोटीत पहिल्यांदा खेळला, त्याच कसोटीत उमेशही पहिल्यांदा खेळला होता. उमेशचे कसोटीतले 170 बळी कुणी मोजले? हा सल मनातून जात नाही, म्हणून हा मागोवा.

उमेश ज्या विदर्भाचा, त्याचा जुना क्रिकेट इतिहास थोडक्यात सांगता येतो. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले, पण त्यांचं नाव मोठं झालं ते होळकर संघाकडून. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळू लागला आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक हरतच राहिला. त्या वर्षांवर मला रेंगाळायचं नाही. माझं दशक 2008 ते 2018.

आमच्याकडे दिवाळीनंतर हलकं धान निघालं की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या होतात. धसकटं उपटायची, मधली पट्टी पाणी मारून चोपायची आणि टेनिस बॉलचे सामने सुरू. गावोगावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत तर एकेका चषकासाठी तिरोडा, आमगाव, गोरेगावहून संघ यायचे. लेदरचा चेंडू आमच्यापैकी बहुतेकांनी फक्त टीव्हीवर पाहिलेला. आमच्या संघात एक मुलगा होता. त्याचा यॉर्कर पायाच्या बोटांवर यायचा. एकदा तो पहाटेच्या गाडीनं नागपूरला निवड चाचणीला गेला. बूट उसने होते. दिवसभर रांगेत बसला, संध्याकाळी सहा चेंडू टाकायला मिळाले आणि रात्रीच्या गाडीनं परत आला. पुन्हा कधी गेला नाही.

म्हणून उमेशची गोष्ट कळली तेव्हा ती आम्हाला आमचीच वाटली. जन्म 1987 चा. वडील उत्तर प्रदेशातून खाणीच्या कामाला आलेले, घर खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत. उमेशनं सैन्यात, पोलिसांत भरतीचे प्रयत्न केले, जमलं नाही. विशीपर्यंत त्याचं क्रिकेट टेनिस बॉलचंच. त्या चेंडूनं वेग काढायचा तर खांदा आणि पाठ पूर्ण झोकून द्यावी लागते, कारण चेंडू हलका असतो, स्वतःहून काही करत नाही. ती ताकद त्यानं तिथेच कमावली. नोव्हेंबर 2008 मध्ये, एकविसाव्या वर्षी तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि पहिल्याच हंगामात चार सामन्यांत 20 बळी घेतले. 2010 मध्ये भारताचा एकदिवसीय संघ. नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत कसोटी. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू! त्या दिवशी आमच्या चौकात पेढे वाटले गेले.

त्यानंतर आम्ही त्याचा एकेक चेंडू पाहिला. जानेवारी 2012 मध्ये पर्थला भारत डावानं हरला, पण उमेशनं 93 धावांत 5 बळी घेतले. 2015 च्या विश्वचषकात 18 बळी, भारताकडून सर्वाधिक. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या कोटलावर दक्षिण आफ्रिका तग धरून बसली असताना त्यानं 21 षटकं टाकली, त्यातली 16 निर्धाव, 9 धावा, 3 बळी. टप्पा पडला की खेळपट्टीत काही नाही, आणि हा माणूस प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर लावतोय. ऑक्टोबर 2018 मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध सामन्यात 10 बळी. मायदेशातल्या कसोटीत असं करणारे भारताचे वेगवान गोलंदाज त्याआधी दोनच होते, कपिल देव आणि श्रीनाथ.

आणि लगेच काय झालं? ऑस्ट्रेलियात एक कसोटी देऊन बसवलं. त्याआधी इंग्लंडमध्येही बर्मिंगहॅमच्या एका कसोटीनंतर बाहेर. जिथे गोलंदाजाला हिरवळ मिळते तिथे दुसरे, जिथे धूळ आणि फिरकी तिथे उमेश, आणि वर 'तो फक्त घरचा गोलंदाज' हा शिक्का. 2021 मध्ये ओव्हलवर संधी मिळताच त्यानं दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, जो रूटचा त्रिफळा उडवला, भारत तिथे पन्नास वर्षांनी जिंकला. तरी शिक्का पुसला गेला नाही. जून 2023 मध्ये ओव्हललाच कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला आणि त्यानंतर त्याला बोलावणं आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

विदर्भासाठी तो मात्र धावत येत राहिला. 2019 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाहून परतला आणि वायनाडच्या उपांत्य सामन्यात केरळचे 12 बळी घेतले. 1 जानेवारी 2018 ला आलेला रणजी करंडक त्यामुळे दुसऱ्या वर्षीही नागपुरात राहिला. मार्च 2025 मध्ये नागपूरच्याच जामठ्याला तिसरा करंडक आला, तेव्हा अकरा जणांत उमेश नव्हता. आनंद झालाच, पण नजर त्यालाच शोधत होती.

माझी खरी तक्रार पुढची आहे. आज चौदा, सोळा, एकोणीस वर्षांखालचे संघ, अकादम्या, त्यांची फी, अशी वाट पक्की झाली आहे. विसाव्या वर्षी पहिल्यांदा लेदरचा चेंडू हातात घेणाऱ्या मुलाला या वाटेवर शिरायला जागा कुठे आहे? गोंदिया जिल्हा 1999 मध्ये झाला, नागपूर काही फार लांब नाही, तरी आमची पोरं आजही बांधीतच यॉर्कर टाकतात.

आमच्या संघातल्या त्या मुलाचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. मागच्या मंडईत त्याचा चेंडू पाहिला. बापापेक्षा जोराचा आहे. बाप बांधीच्या पारीवर बसून होता. म्हणाला, "भाऊ, याले लेदरचा चेंडू कुठं भेटंल?"