रुंद कोनाचे भिंग घेताना

छायाचित्रणाचा नाद लागलेला माणूस एके दिवशी गडावर जातो. समोरची दरी डोळ्यांत मावते, पण कॅमेऱ्यात काही मावत नाही. मग घरी आल्यावर अतिरुंद भिंगाची चौकशी सुरू होते. ही भिंगे स्वस्त नसतात. तेव्हा पैसे मोजण्याआधी ती करतात काय, ते पाहू.

फिल्मच्या जागी आता सेन्सर असतो. तो ३६ बाय २४ मि.मी.चा असला, तर ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचा देखावा टिपते, २४ मि.मी.चे ८४ अंशांचा आणि १४ मि.मी.चे ११४ अंशांचा. सेन्सर दीडपटीने लहान असेल, तर १६ मि.मी.चे भिंगही २४ सारखेच वागते. दुकानात हे आधी विचारावे. पण जास्त मावले म्हणजे प्रत्येक वस्तू लहान झाली, हे विसरले जाते. १४ मि.मी.तून लांबचे कळसूबाई शिखर वारुळाएवढे दिसते! म्हणून निसर्गचित्रात दोन हातांवर एखादा खडक, बांधावरचे गवत असे काही घ्यावे लागते. कॅमेरा तिपाईवर असतो, छिद्र एफ ८ किंवा ११ ठेवतात. एफ ४ चे हलके भिंग तिथे पुरते.

रात्रीच्या आकाशाचे तसे नाही. पृथ्वी फिरते, म्हणून जास्त वेळ उघडझाप ताणली की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ढोबळ हिशेब असा, की ५०० ला नाभीय अंतराने भागावे. २० मि.मी.ला २५ सेकंद आले. आजच्या बारीक सेन्सरवर त्याहून कमीच धरावे. एवढ्या वेळात उजेड गोळा व्हायचा, तर छिद्र मोठे हवे. एफ ४ पेक्षा २.८ दुप्पट उजेड घेते, आणि १.८ त्याच्याही जवळजवळ अडीचपट. भिंगाचे नमुनाचित्र पाहताना कोपऱ्यातले तारे पाहावेत. हलक्या भिंगात ते पंख फुटल्यासारखे दिसतात. आकाशगंगेचा धनु-वृश्चिकाकडचा दाट पट्टा आपल्याकडे फेब्रुवारीत पहाटे, मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास चांगला दिसतो. शहरातले लोक त्यासाठी गाडी करून खेड्यात येतात, आणि आपल्याला तो अंगणातच आहे.

आता वेरूळचे कैलास लेणे घ्या. तीन बाजूंना कातळ. मागे सरकायला फार जागा नाही. शिखर मावावे म्हणून कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा आत झुकतात, देऊळ मागे कोसळते आहे असे वाटते. कॅमेरा सरळच धरावा आणि खालची नको असलेली जमीन मागाहून कापावी. भिंग वर सरकवता येईल अशी खास भिंगे मिळतात, पण किंमत ऐकून पुढे बोलवत नाही. भिंगातून खांब वाकडे दिसत नाहीत ना, एवढे मात्र तपासावे. आणि गुरुजी, वर्गाचा फोटो या भिंगाने काढू नका. टोकाची पोरे फुगून दिसतात!

एकच भिंग घ्यायचे, तर मोठ्या सेन्सरसाठी मी २० मि.मी., एफ १.८ घेईन. ज्यांना आकाशाची ओढ नाही, त्यांनी १६-३५ मि.मी., एफ ४ पाहावे. १४ मि.मी., एफ २.८ च्या बहुतेक भिंगांची पुढची काच फुगीर असते. तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही. पुष्कळ मोबाइलमधला रुंद कॅमेरा १३ ते १६ मि.मी.च्या आसपासचा असतो. महिनाभर त्यानेच देऊळ, शेत, डोंगर टिपून पाहा, आणि मग दुकानात जा.