‘यमुना’ : मागे पडलेल्या एका स्त्रीनामाविषयी

एकोणिसाव्या शतकातील मराठी कुटुंबांत ‘यमुना’ हे नाव किती परिचयाचे होते, ह्याची साक्ष त्या काळची कादंबरी देते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कृतीची नायिका यमुना. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये स्वतःची कहाणी सांगणारी स्त्रीही यमूच. कोणत्याही घरात आढळेल अशी मुलगी उभी करावयाची, तर तिला हेच नाव शोभेल, असे दोघांनाही वाटले असावे. मुलीला हाक मारताना पवित्र नदीचे नाव मुखी यावे ही भावना नावामागे होतीच. शिवाय भाऊबिजेच्या कथेतील, यमाला जेवू घालणारी बहीणही यमुनाच.

मात्र वाङ्मयातून चरित्रांकडे वळले की हे नाव हातातून निसटू लागते. १८६५ मध्ये जन्मलेली जोशांची यमुना विवाहानंतर आनंदी झाली. आपण तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई मूळच्या गोदावरी.

चारही नावे नद्यांची आहेत. नक्षत्र, वृक्ष वा नदी ह्यांचे नाव असलेली कन्या वरू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि नामांतराचे कारण तेथे शोधण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही. नदीवाचक नसलेली नावेही सर्रास बदलली जात. नारायणाच्या पत्नीने लक्ष्मी व्हावे, अशी जोडी जुळविण्याची हौस त्यात बरीच असे. मुलीने सासरची होऊन जावे, ही अपेक्षा तर मुळाशीच होती.

अभ्यासकाच्या दृष्टीने खरी अडचण पुढेच आहे. खरेदीखते, मृत्युपत्रे, ग्रंथांवरील नावे ह्यांत विवाहित स्त्रीचे सासरचे नाव येते. अशा कागदांवरून मोजदाद केली, तर बारशाच्या दिवशी यमुना झालेल्या कित्येक मुली ‘रमा’ व ‘आनंदी’ ह्यांच्या खाती जमा होतील, आणि नावाची लोकप्रियता म्हणून आपण प्रत्यक्षात सासरची आवडनिवड मोजत राहू. शिवाय वरील चारही उदाहरणे ब्राह्मण कुटुंबांतील आहेत. इतर समाजांविषयी त्यांवरून काहीच ठरत नाही. १९१५ मध्ये जन्मलेल्या लावणीगायिका यमुनाबाई वाईकर २०१८ पर्यंत ह्याच नावाने वावरल्या.

विसाव्या शतकात कुसुम, मालती, सुशीला, शांता अशा नावांनी यमुनेची जागा घेतली. ‘यमू’ हे लाडके रूप जुनाट वाटू लागले, आणि त्यातील ‘यम’ही कानाला खटकू लागला असेल. नदीचे नाव ठेवण्याची रीत मात्र संपली नाही. तिचा हेतू पालटला. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या मुलीला तेथील नदीवरून इरावती हे नाव मिळाले. त्यात पुण्यसंचयापेक्षा जन्मस्थानाची आठवण अधिक होती. ही इरावती पुढे त्याच कर्व्यांच्या घरात सून म्हणून आली. सासूची गोदावरी जेथे आनंदी झाली होती, तेथे सुनेचे नाव इरावतीच राहिले, आणि मानवशास्त्रावरील आपल्या ग्रंथांवर तिने तेच घातले.